प्रायव्हसी पॅराडॉक्सचा सर्व्हे: प्रश्न कुठे चुकतोय?

सातरस्ता: सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी प्रश्नावली करतेय. 'खासगीपणाची काळजी वाटते का?' याला सगळेच 'हो' म्हणतात, प्रोफाइल मात्र सताड उघडं. बोलण्यात काळजी, वागण्यात नाही, हाच तो 'प्रायव्हसी पॅराडॉक्स'. काय बदलू?

नवीपेठ: प्रश्न फार ढोबळ आहे. नेमकं विचारा: गेल्या 7 दिवसांत स्टेटसला काय टाकलं, कोणापासून लपवलं? गड्ड्याच्या यात्रेतला फोटो लोकेशनसकट टाकला का? काळजीही त्याच गोष्टीबद्दल मोजा, नाहीतर दोन्हींचा मेळच बसत नाही.

पार्कचौक: आणि ताई, पॅराडॉक्स आधीच गृहीत धरू नका. बारुह या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये 34 देशांतले 166 अभ्यास एकत्र तपासले. काळजी करणारे माहिती थोडी कमीच देतात, असं निघालं.

नवीपेठ: 'कोणापासून'च्या पर्यायांत घरचेही घाला. काही घरांत फोन दोघांतिघांत एकच असतो.