सिमिओनी हाच ॲटलेटिको माद्रिदचा आजवरचा सर्वांत मोठा कोच. अजून कुणाला शंका आहे का?

लालपांढरा
शनिवारी रिअल माद्रिदला ५-२ हाणलं. नवरात्रात, तेही संध्याकाळी पावणेआठला, म्हणजे घरच्यांची झोपमोड न करता बघायला मिळालेली डर्बी, माद्रिदच्या दोन क्लबांची. एरवी आपल्या नशिबी रात्रीचे साडेबारा, थंडीत तर दीड. ल नॉर्मांने सुरुवात केली, मग एम्बापे आणि ग्युलरने आपल्याला मागे टाकलं, सॉरलॉथने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरी केली आणि नंतर हुलियन आल्वारेझ. आधी पेनल्टी, मग ती फ्री किक. वर ग्रीझमनचा पाचवा. नव्या पेठेतल्या आमच्या खोलीत एवढा आरडाओरडा झाला की खालचे दुकानदार काका वर येऊन म्हणाले, "अरे, पाकिस्तानबरोबरची फायनल उद्या आहे ना?"

तर मुद्दा. मी या क्लबकडे वळलो तो २०१० च्या वर्ल्ड कपमधल्या, तेव्हा ॲटलेटिकोत असलेल्या फोर्लानमुळे, त्यामुळे सिमिओनीच्या आधीचे दिवसही थोडे बघितलेत. २०११ च्या डिसेंबरात आपण कोपा देल रे या स्पॅनिश कपमध्ये अल्बासेतेकडून हरलो. अल्बासेते तेव्हा तिसऱ्या श्रेणीत खेळत होता! कोच मान्झानोला काढलं, सिमिओनी आला. पुढच्या मे महिन्यात हातात युरोपा लीग. २०१३ ला रिअलच्या बर्नाबेउवर कोपाची फायनल. १९९९ नंतर रिअलला एकदाही हरवलं नव्हतं, ते त्यांच्याच घरात हरवलं. २०१४ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोउवर गोदीनचं हेडर आणि स्पॅनिश लीग. २०२१ ला पुन्हा लीग. त्याच्या एकाही पूर्ण हंगामात आपण पहिल्या चारांच्या बाहेर गेलेलो नाही.

आणि नुसत्या करंडकांचं म्हणत नाही मी. पूर्वी डर्बी आली की किती गोलांनी हरायचं एवढाच प्रश्न असायचा. परवा ५-२ झाल्यावर माझा धाकटा भाऊ काय म्हणाला? "दोन खाल्लेच कसे?" ही अपेक्षा या क्लबबद्दल कुणी निर्माण केली ते सांगा.

साखर_पेठ
अभिनंदन. पण एका डर्बीच्या धुंदीत इतिहास निकालात काढू नका.

लुईस आरागोनेस हे नाव तुमच्या पोस्टमध्ये एकदाही नाही, याचं नवल वाटलं. हा माणूस १९६४ ते १९७४ या क्लबसाठी खेळला, १७३ गोल केले. तो विक्रम मोडायला ग्रीझमनला २०२४ चा जानेवारी उजाडावा लागला. १९७४ मध्ये बूट काढले आणि त्याच वर्षी कोच झाला. काल ज्यांच्याबरोबर घाम गाळला त्यांनाच आज बाकावर बसवायचं, सोपं नसतं ते. इंटरकॉन्टिनेंटल कप आणला, ७६ ला कोपा, ७७ ला लीग, ८५ ला पुन्हा कोपा. ९२ ची कोपा फायनल तर बर्नाबेउवर रिअलविरुद्ध २-०, गोल शुस्टर आणि फुत्रेचे. म्हणजे रिअलला त्यांच्या घरात हरवण्याचा शोध २०१३ ला लागलेला नाही. आणखी मागे जायचं तर १९६० आणि ६१ च्या दोन्ही कोपा फायनल आपण तिथेच रिअलकडून जिंकल्या होत्या, व्हियालोंगा कोच असताना.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. २००० मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. पहिल्या वर्षी वर यायला जमलं नाही. तेव्हा २००१ मध्ये साठी ओलांडलेले आरागोनेस आले, पोरसवदा टोरेसला घेऊन खेळले आणि क्लबला वर काढलं. सिमिओनी क्लब वर असताना आला. हा फरक मला फार मोठा वाटतो.

बाळीवेस
काय बे, मॅच जिंकलो की आपण, आणि तुम्ही भांडायलाव!

माझं तर सरळ हाय. स्पेनमध्ये जुन्या काळी गाद्यांचं कापड लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं असायचं म्हणून आपल्या क्लबला गादीवाले म्हणत्यात. चादरीच्या गावातल्या माणसानं दुसऱ्या कुणाला सपोर्ट करायचा मग? आता कोच म्हणाल तर सिमिओनी. आरागोनेस मी बघितलाच नाही बे, कसं सांगू. बघितलेल्यातला मोठा हाच.

साखर_पेठ
न बघितलेला माणूस लहान ठरत नाही. पेलेला तरी किती जणांनी बघितलंय?

रंकाळ्याचा_पाहुणा
नोकरीनिमित्त सध्या तुमच्या सोलापुरात आहे, मूळचा कोल्हापूरचा, म्हणून तोंड घालतोय. (रिअलवाला आहे. शनिवारचं काढू नका, भावांनो.)

दोघंही अर्धाच हिशोब मांडताय. लीग हेच मोजमाप धरायचं तर आरागोनेसची एक आणि सिमिओनीच्या दोन. पण दोन लीग हेलेनिओ हेरेराच्याही आहेत, १९५० आणि ५१, लागोपाठ. त्याच्याआधी रिकार्डो सामोराच्याही दोन, १९४० आणि ४१, लागोपाठ. तेव्हा क्लबचं नाव ॲटलेटिको अव्हिएशन होतं, हवाई दलाशी जोडलेला होता. सिमिओनीच्या दोन लीगमध्ये सात वर्षांचं अंतर आहे. मग हेरेरा का नाही? सामोरा का नाही? तुमच्यापैकी कुणी त्यांचं नावही घेतलं नाही.

आमच्याकडे शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचनंतर असलाच वाद कट्ट्यावर चालतो. कोच म्हणून कुणाचं नाव मोठं? ज्याच्या टीमच्या फायनलला आपण स्वतः होतो त्याचं. इथंही तेच चाललंय.

लालपांढरा
@रंकाळ्याचा_पाहुणा स्वागत आहे, शनिवारचं काढणारच.

हेरेरा, सामोरा मान्य. पण त्या काळात आपण आणि रिअल यांच्यात पैशांची दरी आजच्यासारखी नव्हती. २०१४ ला समोर मेसी-नेमारची बार्सिलोना आणि रोनाल्डो-बेलची रिअल होती. दोघांना ८७-८७ गुण, आपल्याला ९०. या दोघांच्या हातून गेल्या वीस वर्षांत लीग हिसकावलेला कोच एकच. तेही दोनदा.

@साखर_पेठ काका, तुमचा दुसऱ्या श्रेणीचा मुद्दा मनाला भिडतो, खोटं बोलणार नाही. पण तो निष्ठेचा मुद्दा आहे. निष्ठावान कोण असं मी विचारलंच नव्हतं. क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी व्यक्ती कोण, तर मीही आरागोनेसच म्हणेन, खेळाडू आणि कोच मिळून. धागा फक्त कोचचा आहे. तिथे सहा करंडकांसमोर आठ आहेत, आणि आरागोनेसचा ६१२ मॅचचा विक्रमही सिमिओनीने २०२३ मध्ये मागे टाकला.

साखर_पेठ
६१२ आणि त्यापुढच्या मॅचची तुलना करताना एक गोष्ट सांगायची राहिली तुमची. आरागोनेसच्या त्या मॅच तुकड्यातुकड्यांत आहेत. जा म्हटलं की गेला, ये म्हटलं की आला. हेसुस गिल अध्यक्ष असताना तर कोच भाड्याच्या सायकलीसारखे बदलायचे. सिमिओनीला सलग तेरा-चौदा वर्षं मिळाली, हवे ते खेळाडू मिळाले, जगातल्या सर्वाधिक पगारी कोचमध्ये त्याचं नाव आहे. एवढं स्थैर्य आरागोनेसला मिळालं असतं तर?

बाळीवेस
अवो काका, स्थैर्य काय क्लबनं दिवाळीला वाटलंय का? जिंकत राहिला म्हणून ठेवला की. दोन वर्षं हरला असता तर त्यालाबी हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट दिलं असतं.

विजापूर_वेस
सगळे जिंकलेलंच मोजताय. मी हरलेलं मोजतो, कारण कोच तिथे कळतो.

लिस्बन, २०१४. चॅम्पियन्स लीग फायनल. दिएगो कोस्टाची मांडी आधीच दुखावलेली, तरी त्याला उतरवलं. नवव्या मिनिटाला तो बाहेर. म्हणजे तीनपैकी एक बदल सुरुवातीलाच वाया. आर्दा तुरान दुखापतीने आधीच नाही. ३६ व्या मिनिटाला गोदीनचा गोल. ६६ व्या मिनिटाला दुसरा बदल, ८३ व्या मिनिटाला फिलिपे लुईस बाहेर, तिसराही संपला. ९३ व्या मिनिटाला रामोसचं हेडर. आता जादा वेळेची तीस मिनिटं आणि आपल्याकडे एकही बदल शिल्लक नाही. हुआनफ्रान अक्षरशः लंगडत पळत होता आणि डी मारिया त्याच्याच बाजूने घुसत होता. निकाल ४-१. लोक म्हणतात रामोसने हरवलं. मला विचाराल तर मॅच नवव्या मिनिटाला हातातून निसटली, आणि तो निर्णय कोचचा होता.

२०१६, मिलान. पुन्हा रिअल, १-१, पेनल्टीवर हार, हुआनफ्रानचा चेंडू खांबाला. त्यात कोचला दोष देता येणार नाही. पण रिअलचा गोलकीपर नावास पेनल्टीच्या वेळी दुखापतीने अवघडलेला दिसत होता, जादा वेळेत आपल्या पायांत जास्त दम होता, आणि तरी आपण अंगावर गेलो नाही. वाट बघत बसलो. हीच सिमिओनीची मर्यादा. संघ मागे उभा करण्यात त्याच्यासारखा कुणी नाही, पण समोरचा अर्धमेला झाल्यावर घाव घालायची वेळ आली की त्याचा हात थबकतो. शनिवारी दुसऱ्या अर्धात थबकला नाही, म्हणून तर एवढा आनंद झाला.

दोन फायनल हरलेला कोच छोटा नाही. पण "शंका आहे का" असं विचारलंत, म्हणून सांगितलं. आहे.

जुळे_सोलापूर
@विजापूर_वेस दादा, कोस्टाबद्दल शंभर टक्के. मी अजूनही ती मॅच पुन्हा बघत नाही.

माझं मत थोडं तिरकं आहे. सिमिओनी सर्वांत मोठा, हे मला मान्य. आणि नेमकं त्यामुळेच त्याला कुणी काही विचारत नाही. २०२० च्या जानेवारीत कोपामध्ये कुल्तुराल लेओनेसाकडून बाहेर, पुढच्याच जानेवारीत कोर्नेयाकडून. दोन्ही तिसऱ्या श्रेणीतले. लालपांढरा, तुम्ही ज्या अल्बासेतेच्या लाजिरवाण्या हारेपासून गोष्ट सुरू केलीत ना, त्याच पातळीच्या संघांकडून हा दोनदा हरलाय. मान्झानोची नोकरी गेली, याची गेली नाही. २०१३ नंतर कोपा नाहीच. २०२२ ला चॅम्पियन्स लीगच्या गटात शेवटचे आलो.

आणि जोआओ फेलिक्स! १२ कोटी ६० लाख युरो देऊन आणलेला मुलगा, त्याला बचावासाठी मागे पळायला लावलं आणि मग पळत नाही म्हणून बाकावर बसवलं. दोष पोराचाही असेल. पण एवढे पैसे दुसऱ्या कुठल्या कोचने असे घालवले असते तर आपण त्याला सोडलं असतं का? गेल्या पंधरवड्यात लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर प्रेक्षकाशी हुज्जत घालून रेड कार्ड घेतलं, तर त्याचंही आपण "किती जीव आहे बघा क्लबवर" असं कौतुक केलं.

बाळीवेस
ताई, त्या लिव्हरपूलच्या मॅचला शेवटच्या मिनिटाला गोल खाल्ल्यावर मी बी रेड कार्ड घेतलं असतं.

लालपांढरा
@जुळे_सोलापूर ताई, तुमची यादी खरी आहे. पण त्याच २०२० मध्ये, लेओनेसाकडून हरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत, त्याच ॲनफिल्डवर चॅम्पियन्स लीगच्या गतविजेत्या लिव्हरपूलला ३-२ ने बाहेर काढलं. योरेंते बदली म्हणून आत आला आणि दोन गोल. कोर्नेयाकडून हरलो त्याच हंगामात लीग जिंकली. बार्सिलोनाने नको म्हणून सोडलेल्या सुआरेझने त्या लीगमध्ये २१ गोल केले, शेवटच्या दिवशी वायादोलिदविरुद्ध आपल्याला जिंकवणारा गोलही त्याचाच. फेलिक्स फसला तर सुआरेझही त्याच्याच खात्यात धरा ना.

@विजापूर_वेस लिस्बनबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. कोस्टाला उतरवायला नको होतं. मिलानबद्दल मात्र वाद आहे. एकशे वीस मिनिटं रिअलशी झुंजून पायांत दम उरला होता हे तुम्ही कुठे बघितलं?

रंकाळ्याचा_पाहुणा
रिअलवाला म्हणून सांगतो. आम्ही कुठल्याच आरागोनेसला घाबरलो नाही, कारण आमच्या पिढीला तो फक्त २००८ ची युरो जिंकलेला स्पेनचा म्हातारा कोच म्हणून माहीत. सिमिओनी दिसला की पोटात गोळा येतो. शत्रूचं प्रमाणपत्र चालत असेल तर घ्या.

साखर_पेठ
प्रमाणपत्र नको, चॅम्पियन्स लीग हवी. करार २०२७ पर्यंत आहे त्याचा. तो कप आणू दे, मी स्वतः इथे येऊन सिमिओनी मोठा असं लिहीन. तोपर्यंत नाही.

विजापूर_वेस
काका, हा निकष लावलात तर तुमचा माणूस आधी बाद होतो. युरोपियन कप आरागोनेसनेही जिंकलेला नाही. १९७४ च्या फायनलमध्ये खेळाडू म्हणून ११४ व्या मिनिटाला फ्री किकवर गोल मारला, १२० व्या मिनिटाला श्वार्झनबेकने लांबून बरोबरी केली, आणि पुन्हा खेळवलेल्या सामन्यात बायर्नने चार घातले. कोच म्हणून तर तो त्या फायनलपर्यंत पोहोचलाही नाही. सिमिओनी दोनदा पोहोचला.

साखर_पेठ
पोहोचणं आणि आणणं यात फरक असतो, हे तुम्हीच वर चार परिच्छेद लिहून सांगितलंत.

जुळे_सोलापूर
पण काका, त्यांचा मुद्दा बरोबर आहे. निकष दोघांना एकच लावा.

बाळीवेस
उद्या रात्री साडेबाराला फ्रँकफर्ट हाय. काका, तुम्ही बी या की नव्या पेठेत, मोबाईलवर भांडण्यापेक्षा समोरासमोर भांडू. शेंगाची चटणी, कडक भाकरी माझ्याकडनं. पाहुण्याला बी आणा, फक्त पांढरा शर्ट घालून येऊ नको म्हणावं.