बॅटरी थकली की इंजिन कुरकुरतं: पार्किंग ग्रुपवरची चर्चा

बी-६०४: सुप्रभात. ए-२०१ आणि ए-५०३, मनापासून माफी मागते. सकाळी माझी गाडी स्टॅक पार्किंगच्या (एकावर एक गाड्या लावायच्या यंत्राच्या) खालच्या ट्रेवर चालूच होईना, त्यामुळे तुमच्या वरच्या गाड्या पाऊण तास अडकल्या.

ए-२०१: ताई, माफी कसली. ऑफिसला कळवलं होतं. झाली का चालू?

बी-६०४: शेवटी झाली. पण दोन महिने हेच चाललंय. सिग्नलला उभी राहिली की आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनाची मंद चाल) खाली येतं, स्टेअरिंग थरथरतं. एसी लावला की जास्तच. मागच्या महिन्यात गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी साफ केली, इंजेक्टर क्लीनिंग केलं, चारही प्लग बदलले. साडेसहा हजार गेले. चार दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. आता म्हणतात फ्युएल पंप बदलावा लागेल.

सी-१०२: ताई, पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. बॅटरी कधीची आहे?

बी-६०४: गाडीबरोबर आलेली, साडेचार वर्षं झाली. पण काका, बॅटरी गेली असती तर गाडी अजिबात चालू झाली नसती ना?

सी-१०२: तसं नसतं हो. बॅटरी एका दिवसात जात नाही, ती हळूहळू बसते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून ३१ वर्षं काढली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला एकदा चालू झाल्यावर विजेची गरज फार नसायची, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलपुरती मिळाली की भागायचं. आताच्या गाडीत टाकीतला पेट्रोल पंप विजेवर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर विजेवर, हवा आत सोडणारी थ्रॉटलची पाकळीसुद्धा छोटी मोटर फिरवते. या सगळ्यांवर ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला क्षणभर उशीर लावतो. तो उशीर मिलिसेकंदाच्याही आत असतो, पण तेवढ्यानेही पेट्रोल कमी पडतं. म्हणून ईसीएम व्होल्टेज बघून इंजेक्टरला वेळ वाढवून देतो, कॉइललाही भरायला जास्त वेळ देतो. हे सांभाळून घेणं एका हद्दीपर्यंतच चालतं. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) मारताना व्होल्टेज फार खाली गेलं की पंप मंदावतो, ठिणगी कमजोर पडते, आणि इंजिन फिरत असूनही पेटत नाही.

ए-५०३: काका, एक शंका. गाडी चालू झाली की वीज अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरणारा जनरेटर, देतो. मग सेल्फचं कारण पटतं, पण सिग्नलला थरथरण्याशी बॅटरीचा काय संबंध?

सी-१०२: शंका अगदी बरोबर आहे. अल्टरनेटर ठणठणीत आणि बॅटरी नुसती थोडी थकलेली असेल, तर हायवेवर फरक जाणवणारही नाही. पिकअप कमी झाला, ॲव्हरेज पडला की लगेच बॅटरी बदला असं मी कोणालाच सांगत नाही.

पण ताईंची गाडी रोज कुठे जाते? सोसायटी ते ठाणे स्टेशन आणि परत, तेही रांगेत रखडत. त्यात पावसात वायपर, दिवे, एसी, मागच्या काचेचा डिफॉगर. आयडलला अल्टरनेटर हळू फिरतो, त्यामुळे करंटही कमी देतो. अशा वेळी धडधाकट बॅटरी मधली तूट भरून काढते. थकलेली बॅटरी तूट तर भरत नाहीच, उलट रिकामी असल्याने तीच अल्टरनेटरकडून करंट ओढते. १४ व्होल्टला ५० अँपिअर म्हणजे ७०० वॅट. अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्यातली आणि अल्टरनेटरमधली घट धरली तर इंजिनाला त्यासाठी दीड हॉर्सपॉवरच्या आसपास द्यावी लागते. छोट्या इंजिनाला आयडलवर हे ओझं कळतं. वर एसीचा कॉम्प्रेसर लागला की स्टेअरिंग थरथरणारच.

संध्याकाळी मीटर घेऊन येतो. तोवर गाडी हलवू नका, बॅटरी सहा-सात तास शांत राहू दे.

ए-५०३: हे कळलं. मीही येतो खाली, बघायचंय मला.

सेक्रेटरी: काका, ग्रुपवर सगळ्यांना कळेल असं लिहा कृपया. गेल्या वर्षभरात खालच्या ट्रेवर गाडी बंद पडण्याची ही चौथी वेळ आहे.

(संध्याकाळ)

सी-१०२: तपासलं, आकडे देतो. बंद गाडीत बॅटरीवर १२.१५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ८.६ पर्यंत खाली. ९.६ च्या खाली जाता कामा नये. गाडी चालू करून दिवे बंद ठेवले तर १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. आयडलवर एसी, दिवे, डिफॉगर सगळं लावलं तर १३ च्या जवळ आलं आणि आरपीएमचा काटा खाली-वर हलायला लागला.

बॉनेट उघडल्यावर निगेटिव्ह टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशीसारखी भुकटी जमलेली दिसली, क्लॅम्पच्या खाचेत अगदी घट्ट बसलेली. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या धातूवर ठेवून सेल्फ मारला. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको, दिसले ०.५. म्हणजे अर्थिंगही नीट लागत नव्हतं. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टर्मिनल घासलं, सुकवलं, क्लॅम्प आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. ०.५ चे ०.१ झाले. पण सेल्फ मारताना व्होल्टेज ८.६ वरून ८.९ इतकंच चढलं. म्हणजे मुख्य दोष बॅटरीतच.

बी-६०४: काका, तीन महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालं तेव्हा बॅटरी ओके म्हणून लिहून दिलं होतं. वरचं हिरवं डोळ्यासारखं आहे तेही हिरवंच आहे.

सी-१०२: तो डोळा सहापैकी एकाच सेलमधल्या ॲसिडची घनता दाखवतो. बाकी पाच सेलचं त्याला काही कळत नाही. नुसतं बंद गाडीत व्होल्टेज बघूनही फसायला होतं. प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे बसले, जाळी झिजली की आतला रोध वाढतो. मीटर १२.५ दाखवतो आणि सेल्फला शे-दीडशे अँपिअर द्यायची वेळ आली की व्होल्टेज कोसळतं. म्हणून लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून केलेली तपासणी, मागायची. बॅटरीच्या दुकानात पाच मिनिटांत होते.

डी-३०१: आमची सीएनजी आहे. पेट्रोलवर बरी चालते, सीएनजीवर मिसिंग करते, मध्येच झटके देते. बॅटरीच का?

सी-१०२: तुमच्याकडे आधी प्लग आणि कॉइल बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोरदार लागते, त्यामुळे प्लग झिजलेला असला की तो पेट्रोलवर लपतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. बॅटरीचे आकडे घेऊच, पण पहिला संशय प्लगवर.

ए-२०१: आमच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होण्याची सोय आहे. महिनाभर ती बंदच आहे. बिघाड म्हणायचा का?

सी-१०२: बिघाडच असेल असं नाही. बॅटरीत पुरेसा चार्ज नसला तर गाडी ती सोय स्वतःच थांबवते, सिग्नलला अडकू नये म्हणून. मात्र तुमची बॅटरी बदलताना ईएफबी किंवा एजीएम (या सोयीसाठीच्या जास्त दणकट बॅटऱ्या), जी आहे त्याच प्रकारची घ्या. साधी स्वस्त मिळते, पण दिवसात वीस-तीस वेळा सेल्फ मारणं तिला झेपत नाही.

बी-३०५: आमची इलेक्ट्रिक आहे, म्हणजे आम्ही यातून सुटलो ना?

सी-१०२: नाही वहिनी. मोठ्या बॅटरीशिवाय तुमच्याही गाडीत १२ व्होल्टची बॅटरी असते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तुमचीही तपासून घ्या.

(तीन दिवसांनी)

बी-६०४: नवीन बॅटरी बसवली. सेल्फ पहिल्या झटक्यात, आणि आज तीन हात नाक्याच्या सिग्नलला एसी लावून उभी होते, स्टेअरिंग एकदम शांत. फक्त पहिल्या दिवशी आयडलिंग जरा वर-खाली होत होतं, घाबरलेच होते. पंपाचे नऊ हजार वाचले काका. फार आधार वाटला तुमचा.

सी-१०२: बॅटरी काढली की ईसीएमने आयडलिंगचं शिकून ठेवलेलं पुसलं जातं, दोन दिवस गाडी चालवली की पुन्हा जुळतं. जुनी बॅटरी दुकानदारालाच दिलीत ना?

बी-६०४: हो, बदल्यात किंमत कमी करून दिली.

सी-१०२: उत्तम. भंगारवाल्याला देऊ नका कोणी. आत शिसं आणि ॲसिड आहे, ते लोक ॲसिड गटारात ओततात.

अजून एक, हे मात्र कळकळीने सांगतो. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर चालतो का बघू" असं कोणी करत असेल तर हात धरा त्याचा. व्होल्टेज उसळतं आणि ईसीएम जळू शकतो. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. आणि ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका, चालू होत नाही. जंपर केबल सोसायटीच्या केबिनमध्ये ठेवूया, मी वॉचमनना जोडायला शिकवतो.

सेक्रेटरी: केबल आजच मागवतो. काका, खालच्या ट्रेवरच्या सगळ्या गाड्या एकदा तपासता येतील का? बावीस आहेत.

सी-१०२: रविवारी सकाळी साडेसहाला सुरू करतो. ए-५०३, आकडे लिहून घ्यायला याल का? ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी शनिवारी रात्री लावल्यावर दार उघडू नका, दिवा लावू नका. बॅटरीवरची तारीख वाचता येत नसेल तर बिल काढून ठेवा. मी येईपर्यंत सेल्फ मारू नका, पहिल्या सेल्फचाच आकडा मला हवा आहे.

ए-५०३: येतो काका. वही घेऊन.