जिद्दी, हट्टी, हेकट: इंग्रजीतले जड शब्द मुद्दाम शिकावेत का?

लालबागची_शिक्षिका
गेली अकरा वर्षं लालबागला संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेते. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. कुणाला परदेशी शिकायचंय, कुणी यूपीएससीच्या निबंधाच्या मागे लागलंय. माझं मत आहे की माणसाचा स्वभाव, तत्त्वज्ञान आणि समाज यांबद्दलचे इंग्रजी शब्द या मुलांनी मुद्दाम बसून शिकायला हवेत. 'गुड', 'बॅड', 'व्हेरी नाइस'वर किती दिवस भागवणार?

परवा एका मुलीने परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी आजोबांवर निबंध लिहून आणला. आजोबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी कायमची सुटली. पुढे भाजीची गाडी लावून त्यांनी चार मुलं शिकवली. मुलीने लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर वॉज ऑब्स्टिनेट.' तिला म्हणायचं होतं जिद्दी, कागदावर उतरला हेकट म्हातारा. मग आम्ही फळ्यावर आधी मराठी शब्द मांडले: जिद्दी, चिवट, निग्रही, हट्टी, हेकट, आडमुठा. एकेकासमोर इंग्रजी शब्द शोधत गेलो. चिवटपाशी 'टिनेशस' आला. त्याचं मूळ लॅटिन 'टेनेरे', म्हणजे धरून ठेवणं, हे सांगितलं तशी ती म्हणाली, "मॅडम, हाच. आजोबांनी काही सोडलंच नाही."

मुलुंड_फास्ट
मॅडम, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण मत अजिबात पटलं नाही. मी नोकरभरतीच्या मुलाखती घेतो. अर्जात 'मॅग्नॅनिमस', 'प्रॅग्मॅटिक' असे शब्द ठासून भरलेले असतात. "तुमचा प्रॅग्मॅटिक म्हणावा असा एखादा निर्णय सांगा," म्हटलं की समोरचा गप्प. लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर शब्द घोकणारी पोरं रोज बघतो, जीव तुटतो. अहो, परदेशी उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी देतात त्या खुद्द जीआरई परीक्षेने २०११मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न काढून टाकले. त्या आजोबांसाठी 'ही नेव्हर गेव्ह अप' एवढं पुरे होतं.

लालबागची_शिक्षिका
वाक्य चांगलंच आहे, मी ते खोडणार नाही. पण लिहिणं निभावलं तरी वाचायचं काय? ही मुलं इंग्रजी अग्रलेख उघडतात आणि 'आल्ट्रुइझम', 'युटिलिटेरियन' आलं की पान मिटतात.

गिरगावातला_वाचक
माझी हरकत वेगळी आहे. मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द मांडायचा, यातच मुलं फसतात. स्वभावाच्या शब्दांना ही पद्धत चालेल, विचारांच्या शब्दांना चालत नाही. 'स्टोइक' म्हणजे स्थितप्रज्ञ, असं मी किती वह्यांत वाचलंय! स्टोइक हा मुळात ग्रीक तत्त्वज्ञांचा एक पंथ, त्याचं नाव अथेन्समधल्या चित्रांनी सजलेल्या ओसरीवरून आलं. पंथाचा संस्थापक झेनो तिथे शिकवायचा, इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखून वागायचं, हा त्या पंथाचा भर. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसही त्यांच्यातलाच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ मनातल्या सगळ्या कामना सोडतो आणि आत्म्यातच संतुष्ट राहतो. दोघेही शांत दिसतात म्हणून एक होत नाहीत.

'ऑस्ट्रसाइझ' म्हणजे वाळीत टाकणं, याचंही तेच. अथेन्सचे नागरिक खापरीवर नाव कोरून मत द्यायचे. ज्याचं नाव निघेल त्याने दहा वर्षं शहराबाहेर राहायचं, मालमत्ता मात्र त्याचीच राहायची. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणजे त्याच गावात राहून पाणी बंद, बोलणं बंद, मुलीचं लग्न मोडलेलं. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६चा कायदा करावा लागला. समोरासमोर दोन शब्द लिहून मोकळं झालं की मुलांना यातलं काहीच दिसत नाही.

घाटकोपरची_सुनंदा
मीही मराठी माध्यमाचीच. कॉलेजात गटचर्चेत एकाने माझ्या मुद्द्याला 'नाईव्ह' म्हटलं. मला वाटलं, कौतुक केलं. मी 'थँक यू' म्हणाले. सगळे हसले, सरसुद्धा. घरी येऊन शब्दकोश काढला: भाबडा. त्या रात्री जेवले नाही.
मुलुंडकर दादा, बोलताना मी आजही साधंच बोलते. पण आपल्याला कुणी काय म्हटलं, तेवढं तरी कळायला नको का?

मुलुंड_फास्ट
ताई, वाचून गलबललो. ओळखायचे शब्द वेगळे आणि वापरायचे वेगळे, एवढं मी मान्य करतो. ओळखायचे हवे तितके शिकवा. पण यादी पाठ करून घेण्याला माझा विरोध कायम आहे.

लालबागची_शिक्षिका
यादी मीही देत नाही. गिरगावकर, तुमची खापरी आणि वाळीत टाकणं उद्याच वर्गात घेते. स्टोइकसमोर स्थितप्रज्ञ मीच कित्येक वर्षं लिहून दिलंय, ते आता थांबवते.
एक शब्द मात्र कधीपासून अडलाय, 'इंटेग्रिटी'. मी सचोटी सांगते, पण सचोटी म्हटलं की पैशाचा व्यवहार डोळ्यांपुढे येतो. निष्ठा म्हणावं तर ती दुसऱ्या कुणावर असते. मुळात लॅटिन 'इंटेगर' म्हणजे अखंड, न तुटलेलं.

गिरगावातला_वाचक
आमची आई चाळीतल्या एका काकांबद्दल म्हणायची, "तो माणूस आतबाहेर एक आहे." फळ्यावर लिहून बघा. मुलांना त्यात काय कमी वाटतं, ते इथे कळवा.