आरएक्स 100 चा ब्लॉक बोअर करून आणला, पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या आहेत, तशाच बसवू का?

कळवा_आरएक्स
नमस्कार मंडळी. बाबांची 94 ची यामाहा आरएक्स 100 आहे, टू-स्ट्रोक बाइक, चार वर्षं जिन्याखाली उभी होती, आता खोलली. 0.25 मिमी मोठा (ओव्हरसाइज) पिस्टन आधीच पडलेला म्हणून या वेळी 0.50 ला गेलो. ब्लॉक (सिलिंडर) वागळे इस्टेटला बोअर (आतलं भोक मोठं करणं) आणि होनिंग (मग दगडाने बारीक घासणं) करून आणला, काम दिसायला एकदम झकास आहे. पण काल रात्री पुसताना एक्झॉस्ट पोर्टच्या (भिंतीतली धूर बाहेर जायची खिडकी) वरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि चर्रकन कापलं, रक्त आलं. जुन्या बोअरला अशी धार नव्हती, नक्की आठवतंय. बोअरवाल्याला फोन केला तर म्हणे काही करू नका, रिंगाच फिरून फिरून कडा गोल करतील, आणि आमचा मेकॅनिक म्हणतो कंपनीतून पण असंच येतं. मला काही पटत नाहीये. बाबा रोज विचारतात कधी चालू होणार, पण घाई करून नवीन पिस्टन-रिंगांची वाट लावायची नाहीये. कडा मोडायच्या का, म्हणजे धार घालवून उतार द्यायचा का, किती मोडायच्या, आणि घरी हाताने जमेल का?

नौपाडा_टूस्ट्रोक
अजिबात बसवू नकोस, आधी धार मोड. फोन केलास, विचारलंस, ते फार बरं केलंस.

असं बघ, पिस्टनभोवतीची रिंग ही स्प्रिंग आहे, तिला सतत बाहेर फाकायचं असतं. भिंत असते तोवर दाबलेली राहते, पोर्टची खिडकी आली की तेवढ्या जागी बाहेर फुगते. पिस्टन वर जाताना तो फुगवटा खिडकीच्या वरच्या कडेवर आदळतो आणि खाली येताना खालच्या. कडेला उतार असला तर रिंग अलगद आत ढकलली जाते, धार असली तर दर फेऱ्याला ठोसा खाते. साडेसात हजार आरपीएमला, म्हणजे आरएक्सची फुल पॉवर येते तिथे, सेकंदाला 125 फेरे होतात. तेवढे ठोसे त्या एका कडेवर. रिंगांनी कडा गोल करायची वाट बघितलीस तर आधी रिंगांचा चेहरा सोलून निघेल, आणि एखादी अडकून तुटली तर तुकडा पिस्टन, भिंत, हेड सगळं घेऊन जातो.

आणि कंपनीतून असंच येतं हे चूक आहे. कंपनी कडा मोडूनच देते. पण 0.50 हे व्यासातलं माप आहे, म्हणजे मूळ बोअरपासून भिंत चारी बाजूंनी पाव मिमी कापली गेली, त्यात तो मूळचा बारीक उतार निघून गेला आणि मागे ही ताजी धार राहिली. म्हणून प्रत्येक बोअरनंतर हे काम नव्याने करावंच लागतं.

हाताने नक्की जमतं, आरएक्सचा स्लीव्ह (सिलिंडरची आतली नळी) बिडाचा आहे. (निकासिल, म्हणजे निकेलच्या कडक मुलाम्याच्या कोटिंगवाल्या ब्लॉकला मात्र कानस लावायची नाही हां, कोटिंगचे टवके उडतात.) बारीक निडल फाइल किंवा ऑइल स्टोन घे, 45 डिग्रीत धर आणि बोअरकडून पोर्टच्या आत ढकलत जा, उलट ओढलंस तर भिंतीवर चरा पडेल. अर्धा मिमी बास. एक्झॉस्ट सगळ्यात रुंद आणि सगळ्यात गरम, तिथे वरच्या-खालच्या कडेला मध्यभागी जरा जास्त आणि कोपऱ्यांकडे कमी करत न्यायचं. ट्रान्सफर पोर्टना (ताजं मिश्रण वर येतं त्या खिडक्या) त्याहून थोडं कमी. उभ्या कडांची नुसती धार गेली तरी चालेल. शेवटी 400 चा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरव.

झालं का बघायला कापसाचा बोळा पोर्टवरून वर-खाली फिरव. एक जरी तंतू अडकला तरी तिथे धार शिल्लक आहे समज.

ऐरोलीकर_135
वरच्या दादांचं सगळं बरोबर, फक्त एक कळकळीने सांगतो कारण मी स्वतः वाट लावून बसलोय. मी हेच काम ड्रिलला दगड लावून केलं, उतार छान दिसायला लागला म्हणून अजून थोडा अजून थोडा करत गेलो आणि एक्झॉस्टची वरची कड जवळपास 1 मिमी वर गेली. 50 मिमीच्या स्ट्रोकला (पिस्टनचा वर-खाली प्रवास) एवढ्यात एक्झॉस्ट क्रँकच्या फेऱ्यात 4-5 डिग्री जास्त वेळ उघडा राहतो. गाडी वर पळायची पण खालचा दम गेला, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरवर रखडायची, शेवटी ब्लॉक बदलला. तर कोपरा मोडायचा, पोर्ट मोठा करायचा नाही. मशीन लावूच नकोस, हातानेच कर. आधी कडेला मार्करने रंग दे, किती गेलं ते दिसत राहतं.

कळवा_आरएक्स
खूप आभार दोघांचे. होनिंग तर आधीच झालंय, मग कड मोडल्यावर परत करायला लागेल का?

नौपाडा_टूस्ट्रोक
हो, हलकंसं. कानस मारली की बोअरच्या बाजूला बारीक बर (धातूची उचललेली धार) उठते, डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते. खरा क्रम बोअर, मग कडा, मग होनिंग असाच पाहिजे. आता ब्लॉक परत ने आणि बॉल होनचे (टोकांना दगडी गोळ्या असलेला ब्रश) दोन-तीनच हात मारून घे, जास्त नको, नाहीतर पिस्टनचा क्लिअरन्स (भिंतीपासूनची फट) वाढेल.

मग धुणं. याच्यात आळस करू नकोस. नुसतं पेट्रोल मारलं तर तेल जातं, दगडाची भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश, पांढरा कपडा काळा यायचा थांबेपर्यंत. आणि लगेच टू-टी ऑइलचा हात फिरव, या पावसात आपल्याकडे उघडं बीड चहा पिईपर्यंत तांबूस पडतं.

बसवताना रिंगांची तोंडं पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर नीट बसली का बघ, बाण एक्झॉस्टकडे. हेड लावायच्या आधी हाताने पिस्टन वर-खाली करून पोर्टमधून टॉर्च मार, रिंगचं टोक कुठल्याही खिडकीत दिसता कामा नये.

कळवा_आरएक्स
अपडेट. शनिवारी बसून केलं, साडेतीन तास लागले. कापूस पहिल्यांदा डाव्या ट्रान्सफरच्या खालच्या कोपऱ्यात अडकला, तिथे परत स्टोन मारला. बोअरवाल्याने न कुरकुरता होन मारून दिला, उतार बघून म्हणाला पुढच्या वेळी सांगा, मीच करून देईन. काल चालू केली, चौथ्या किकला. बाबा खाली उभे होते, आवाज ऐकून काही बोलले नाहीत, नुसतं टाकीवर हात ठेवून उभे राहिले. रनिंग इनला (नवीन पिस्टन-रिंगा हळू चालवून बसवायला) पहाटे पाम बीचला नेतोय, अर्ध्यापेक्षा जास्त थ्रॉटल नाही. 500 किमी झाले की सायलेंसर काढून पोर्टमधून रिंगांचा फोटो टाकतो.