'पेट-सीटी'ला मराठीत काय म्हणावे?

दारव्ह्याहून : खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्या रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करीत आहे आणि 'पेट-सीटी' या कॅन्सरसाठीच्या तपासणीच्या नावापाशी अडलो आहे. माझ्या काकांच्या जबड्याखाली गाठ होती, नागपूरला ही तपासणी करायला सांगितल्यावर काकूने विचारले, "दुखणं जबड्यात, अन् पोटाचा फोटू कायले?" आपल्याकडे हिंदीच्या सवयीने 'पेट' म्हणजे पोटच ऐकू येते. 'संयुक्त प्रतिमाचित्रण' लिहिले, तर वाचणाऱ्यांना सामाईक सातबारा आठवला.

वणीहून : 'संयुक्त'मधून काय कशाला जोडले, हे कळत नाही. सीटी शरीराची रचना दाखवते, तर शिरेतून दिलेले किरणोत्सारी ग्लुकोज कोणत्या पेशी अधिक ओढून घेतात, ते पेट दाखवते. पेट म्हणजे जणू पीकपेरा, त्यावरून कापूस आहे एवढे समजते. तो कोणत्या धुऱ्याला लागून आहे, हे सीटीसारखा गावनकाशाच सांगतो. दोन्ही एकाच पलंगावर लागोपाठ होतात, म्हणून चित्रे एकमेकांवर नेमकी बसतात. मी 'जोडतपासणी' म्हणेन.

सेवाग्रामहून : ताई, 'पेट' हा आपलाच शब्द मानायला काय हरकत आहे? पडद्यावर गाठ निखाऱ्यासारखी पेटलेली दिसते. 'पेटचित्र' म्हणावे, लोक लगेच समजतील.

वणीहून : लगेच समजतील, पण चुकीचे समजतील. मेंदू आणि मूत्राशय निरोगी माणसातही उजळतात आणि क्षयाची गाठही तशीच उजळू शकते. 'पेटली म्हणजे कॅन्सर' हा समज एकदा घरात शिरला, की बायोप्सीचा निकाल येईपर्यंत घरात चूल पेटत नाही, हे मी माहेरी पाहिले आहे.

अकोल्याहून : 'पेट' आणि 'सीटी' या दोन्हींतला 'टी' म्हणजे टोमोग्राफी आणि तिच्या मुळाशी ग्रीक 'तोमोस', म्हणजे काप, आहे. त्यामुळे 'छेदचित्र' हाच शास्त्रशुद्ध शब्द ठरतो. बोलीच्या सोयीसाठी परिभाषा सैल करू नये.

सेवाग्रामहून : 'छेद' वाचून रुग्णाला चिरफाड आठवेल, भाऊ. माझी आजी एक्स-रेलाही 'फोटू'च म्हणे आणि तिचे काही अडले नाही.

दारव्ह्याहून : 'जोडतपासणी' तूर्त लिहितो, परंतु ताईंच्या 'ग्लुकोज'मुळे दुसरीच अडचण आठवली. मी पत्रकात 'साखरेचे इंजेक्शन' लिहिले होते. काकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर वाढलेली असल्यास चित्र नीट येत नाही, म्हणून त्यांना उपाशी बोलावले होते. पत्रकातले ते शब्द वाचून त्यांनी हातच मागे घेतला. "साखर वाढली म्हणून उपाशी ठेवता, अन् साखरच टोचता?" मात्रा अगदी अल्प असते, हे सुचवणारा शब्द कोणाकडे आहे काय?

अकोल्याहून : 'शर्करा' लिहावे.

वणीहून : शर्करा म्हणजेही साखरच ना, भाऊ?