काउंटीचे परमिट ही खंडणी आहे का?

मोजमाप:
कॅलिफोर्नियात घर बांधू पाहणाऱ्या एका सभासदाने काल लिहिले की, ‘जमीन माझी, पैसा माझा, मग काउंटीची (इथल्या जिल्हा प्रशासनाची) परवानगी कशाला? परमिट म्हणजे पावती देऊन घेतलेली खंडणी.’ त्याखालच्या टाळ्या वाचून राहवले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

मी बांधकाम अभियंता आहे. पायाच्या चरात सळया बांधून झाल्या की काँक्रीट ओतण्यापूर्वी काउंटीचा निरीक्षक येतो आणि सळई मातीपासून ३ इंच वर आहे की नाही हे वाकून पाहतो. सळई उचलून धरणारे कव्हर ब्लॉक नसतील आणि सळई मातीला टेकलेली असेल, तर तो सही करत नाही. कारण काँक्रीट पडल्यावर ती चूक कोणालाही दिसत नाही, आणि गंजलेली सळई पुढे पाया फोडते. ड्रायवॉल, म्हणजे आतल्या भिंतींचे जिप्समचे तक्ते, लावण्यापूर्वी तो वायरिंग, नळ आणि लाकडी सांगाडा तपासतो तोही याच कारणासाठी. १९९२ साली अँड्र्यू चक्रीवादळात मायामीच्या दक्षिणेला हजारो घरे उद्ध्वस्त झाली, तेव्हा वाऱ्याइतकाच दोष निकृष्ट बांधकामाला आणि ढिल्या तपासणीला दिला गेला. त्यानंतरच फ्लोरिडाने संपूर्ण राज्यासाठी एक बांधकाम संहिता आणली, जी २००२ मध्ये लागू झाली.

रानवाट:
ते लिहिणारा मीच. सळया तपासायला माझी कधीच हरकत नव्हती. माझ्या बिलात तपासणीचा वाटा थोडा होता. बाकी वाहतूक शुल्क, अग्निशमन शुल्क आणि शाळेचे शुल्क, जे भरल्याचा दाखला दाखवल्याशिवाय परमिट हातात पडत नाही. कॅलिफोर्नियातल्याच एल डोराडो काउंटीत जॉर्ज शीट्झ यांना आपल्या जागेवर एक तयार घर आणून बसवायचे होते, तर त्यांच्याकडून वाहतुकीपोटी २३,४२० डॉलर घेतले. ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १२ एप्रिल २०२४ रोजी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल लागला. शिवाय आमच्या नकाशांवर छाननी अधिकाऱ्याने प्रत्येक फेरीत नव्या त्रुटी काढल्या, ज्या पहिल्या फेरीतही त्याच कागदावर दिसत होत्या. तेवढ्यात कर्जाच्या ठरलेल्या व्याजदराची मुदत संपली. तो भुर्दंड कोणी भरायचा?

मोजमाप:
निकाल पूर्ण वाचावा. न्यायालयाने ते शुल्क रद्द केले नाही. शुल्क कायदेमंडळाने लावले एवढ्यावरून ते घटनात्मक कसोटीतून सुटत नाही, असे सांगून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत पाठवले. शुल्काचे मूळही पाहा: १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ने मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर आणि, घर विकले जाईपर्यंत, करपात्र मूल्याची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर बांधली. जुन्या मालकांकडून वाढीव पैसे मिळत नाहीत, म्हणून काउंट्या नव्याने बांधणाऱ्याकडे वळतात.

जुनीवस्ती:
आता दोष आमच्यावर? आम्ही इथे घर घेतले तेव्हा या रस्त्यावर पथदिवेसुद्धा नव्हते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने बाजारभावाने कर भरायचा म्हणजे घर विकूनच निघायचे. नवी घरे येतात तेव्हा रस्ता रुंद करावा लागतो, मग तो खर्च येणाऱ्यानेच द्यावा.

रानवाट:
काका, आपल्या शेजारचे घर आज विकत घेणारा बाजारभावाने कर भरतो आणि आपण त्याच रस्त्यासाठी त्याच्या कितीतरी कमी भरता. मी तर बाजारभावाने करही भरणार आणि वर शुल्कही. याला न्याय म्हणता येत नाही.

जुनीवस्ती:
वयाचा उल्लेख काढून बोलण्याची गरज नव्हती. कायदा मतदारांनी केला, मी एकट्याने नाही.

कापूसमाती:
टेक्सासमध्ये आमच्या काउंटीत शहराबाहेर बांधकाम परमिट लागत नव्हते. सेप्टिकची परवानगी घेतली की काम सुरू. त्या स्वातंत्र्याचे कौतुक करणाऱ्यांनी माझ्या भावाच्या घराचा स्लॅब, म्हणजे जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा पाया, पाहावा. चिकण माती पावसाळ्यात फुगली, उन्हाळ्यात आकसली आणि स्लॅब मधोमध तडकला. तक्रार करायला गेला तर काउंटीकडे ना नकाशा, ना कोणाची सही. बिल्डरची कंपनी तोवर बंद झाली होती.

रानवाट:
आपल्या भावाबद्दल वाईट वाटते आणि ‘परवानगी कशाला’ हे माझे वाक्य रागाच्या भरात लिहिलेले होते, एवढे मान्य करतो. पण तपासणी हवी म्हणजे ती काउंटीच्याच कर्मचाऱ्याने करावी असे नाही. फ्लोरिडात मालक परवानाधारक खासगी तपासनीस नेमू शकतो.

मोजमाप:
ज्याचे पैसे मालक किंवा बिल्डर देतो, त्या तपासनीसावर माझा पूर्ण विश्वास बसणार नाही.

रानवाट:
सरकारी माणसावर बसतो? २०१३ साली मुंब्र्याजवळ शिळफाट्याला सात मजली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण गेले, तेव्हा बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले होते.

मोजमाप:
ते उदाहरण मला खोडता येत नाही. पण त्यावरचा उपाय निरीक्षकावर देखरेख हा आहे, त्याला बिल्डरच्या पगारावर बसवणे नव्हे. छाननीबाबत मात्र तुमचे म्हणणे रास्त आहे. पहिल्या फेरीत न दाखवलेली त्रुटी, जिवाला धोका असल्याखेरीज, पुढच्या फेरीत काढता येऊ नये. हा ठराव काउंटीच्या निवडून आलेल्या सुपरवायझर मंडळापुढे मांडणार असाल तर मसुदा इथे टाका, तांत्रिक भाग मी लिहून देतो. वाहतूक शुल्काच्या विरोधातल्या अर्जावर माझी सही मिळणार नाही.