साडी परत करणारी ‘ग्राहक’: जाहिरातीतल्या घरगुती व्हिडिओंबद्दल तुमचं मत काय?

काठपदर

आमचं साड्यांचं ऑनलाइन दुकान आहे. येवल्याच्या हातमागाच्या पैठण्या थोड्या, सेमी (म्हणजे मशीनवरच्या) पैठण्या आणि कॉटन जास्त. आमच्या जाहिराती बघणाऱ्या एजन्सीने यंदा दसऱ्याआधी सांगितलं, की स्टुडिओतले फोटो आता कोणी बघत नाही, ‘ग्राहकाने काढल्यासारखे’ व्हिडिओ करून घ्या. म्हणजे पार्सल फोडतेय, पलंगावर साडी टाकतेय, आरशासमोर पदर लावतेय, मागे कुकरची शिट्टी. मुलगी एजन्सीच आणणार, काय बोलायचं तेही एजन्सीच लिहून देणार. पहिलं वाक्य: ‘खरं सांगू का, ऑनलाइन पैठणी मागवायला मी घाबरतच होते.’ शेवटी: ‘माझ्या साखरपुड्याला हीच नेसले, सगळ्या विचारत होत्या कुठून घेतली.’

मुलीचा साखरपुडा झालेला नाही. आणि शूटिंग झालं की साडी आमच्याकडे परत येणार.

पैसे देऊन कोणाला साडी नेसवून दाखवण्यात मला काही गैर वाटत नाही. दुकानात गादीवर बसलेला माणूसही खांद्यावर पदर टाकून दाखवतोच. पण तिला ग्राहक म्हणून उभं करायचं आणि न घडलेला अनुभव तिच्या तोंडी घालायचा, हे मला पटत नाही. घरात दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, सगळेच करतात, आपणच कशाला हरिश्चंद्र व्हायचं? तुमची मतं सांगा. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ असं लिहून पळ काढू नका.

रीळवाला

ताई, मी हेच काम करतो. शूट, एडिटिंग, कधी कधी संहिताही. त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे असं आधीच धरून चाला.

जाहिरातीत कोण खरं असतं? सर्फची ललिताजी काय घरून कपडे धुऊन आली होती? कविता चौधरी अभिनेत्री होत्या, आणि त्या एका पात्राने ऐंशीच्या दशकात घराघरात पावडर पोचवली. तेव्हा कोणी फसवणूक म्हटलं नाही. आता तीच बाई टीव्हीऐवजी फोनमध्ये आली, साडी नीटनेटकी नाही, मागे कुकर वाजतोय, तर एकदम नीतिमत्ता आठवली?

उलट फोनवरचा व्हिडिओ जास्त प्रामाणिक असतो. स्टुडिओत साडीच्या मागे पिना लावून चुण्या बसवतात, लाइट मारून जर चमकवतात, नंतर रंग बदलतात. खिडकीच्या उजेडात राणी रंग राणीच दिसतो, आणि साडी फुगते की अंगावर बसते हे मुलगी चालली की लगेच कळतं. रंग वेगळा निघाला म्हणून होणारी परती याने कमी होते, हे मी बऱ्याच दुकानांत बघितलंय.

शिवाय त्या व्हिडिओवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं. ज्याला डोळे आहेत त्याने वाचावं.

आडवाटेचा

‘प्रायोजित’ या शब्दाने एवढंच कळतं, की हा व्हिडिओ तुमच्यापुढे आणायला दुकानाने पैसे भरले. आतल्या बाईलाही पैसे दिलेत आणि तिने साडी विकत घेतलेलीच नाही, हे त्यात कुठे येतं? खऱ्या ग्राहकाचा व्हिडिओ पैसे भरून पसरवला तरी हाच शब्द दिसणार.

ललिताजींचं उदाहरण इथे लागू पडत नाही. दोन कार्यक्रमांच्या मध्ये लागणारी ती जाहिरात आहे हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. इथे सगळी मेहनत कशावर चाललीय? ती जाहिरात वाटू नये यावर. कुकरची शिट्टी त्यासाठीच.

आता नियम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात शिफारस करणाऱ्याचं मत खरं हवं आणि ते वस्तूच्या पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेलं हवं असं म्हटलंय. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवणाऱ्या युक्त्या, त्यांच्या तेरा प्रकारांची यादी केली. त्यातला एक म्हणजे वेशांतर केलेली जाहिरात, आणि तिच्या व्याख्येत वापरकर्त्यांनी केलेल्या मजकुराचं सोंग घेणारी जाहिरात थेट नमूद आहे. ती जाहिरात आहे हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्यावर किंवा जाहिरातदारावर. म्हणजे काठपदर ताई, तुमच्यावर. एजन्सी हात झटकायला बघेल.

रीळवाला

वकीलसाहेब, कलमं पाठ आहेत, धंदा माहीत नाही. कसं चालतं ते सांगतो.

एका साडीचा मुख्य व्हिडिओ एकच असतो. त्याला सुरुवातीची तीन-चार वेगवेगळी वाक्यं जोडतात. एकात मुलगी घाबरलेली, एकात सासूने टोमणा मारलेला, एकात ‘हे बघितल्याशिवाय पैठणी घेऊ नका’. सगळे थोड्या थोड्या पैशात चालवून बघतात. पहिल्या तीन सेकंदांत ज्यावर अंगठा थांबत नाही तो बंद, जो चालतो त्यावर पैसे वाढवतात. तोही काही आठवड्यांत शिळा होतो, की नवा चेहरा, नवं वाक्य. या कामाला फॉलोअर लागत नाहीत. व्हिडिओ मुलीच्या खात्यावर जातच नाही, दुकानाच्या खात्यावरून चालतो. कोल्हापूर, लातूर, अकोल्याच्या मुली घरी बसून हे काम करतात. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा गावाकडच्या कितीतरी जणांचा हातातला खेळ गेला, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचं रील्स आलं म्हणून सावरले. त्यांच्या पोटावर पाय देण्याआधी विचार करा.

आणि खरे ग्राहक व्हिडिओ पाठवतात कुठे? शंभर जणींना मेसेज केला तर एखादी पाठवते, तोही उभा-आडवा, अंधारात, अर्धा पदर कापलेला. ‘व्हिडिओ पाठवा, पुढच्या खरेदीवर दोनशे रुपये सूट’ म्हटलं की दहा येतात, आणि दहाही जणी छानच बोलतात. त्या खऱ्या की पगारी? कुठे रेघ मारणार?

आडवाटेचा

प्रश्न रास्त आहे. उत्तर जुनंच आहे. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरच्या प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) नियम केले. त्यात पैसे, फुकट वस्तू, सवलत, भेट, काहीही मिळालं असेल तर ते सांगायचं, असं आहे. दोनशेची सूट घेणारीने साडी विकत घेतलीय, नेसलीय. तिने सूट सांगितली की झालं. तुमच्या मुलीने काय सांगायचं? ‘साखरपुडा संहितेतला आहे’?

फॉलोअर लागत नाहीत हे तुम्ही फायद्याचं म्हणून सांगितलंत. माझ्या मते गोची तिथेच आहे. मोठ्या खात्यावरची बाई जाहिराती करते हे तिच्या बघणाऱ्यांना माहीत असतं, कमेंटमध्ये तिला जाबही विचारतात. तुमची मुलगी अनोळखी असते आणि अनोळखी आहे म्हणूनच खरी वाटते. उद्या साडी खराब निघाली तर जाब विचारायला तिचं खातंसुद्धा सापडत नाही.

पोटाचं म्हणाल, तर त्या मुलींनाच जास्त जपायला हवं. दिशाभूल सिद्ध झाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दंड दहा लाखांपर्यंत जातो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत, आणि तो शिफारस करणाऱ्यालाही लागू होतो. सुटायचं असेल तर दावा तपासून बघितला होता हे दाखवावं लागतं. तुमच्या किती मुली तपासतात?

बोरिवलीची मावशी

एवढं मोठं काय लिहिताय सगळे. मी व्हिडिओ बघतच नाही. खाली रिव्ह्यूंत उतरते, एकच तारा देणाऱ्यांनी टाकलेले फोटो बघते. राग आलेली बाई फोटो काढताना लाइट शोधत नाही.

मागे असाच एक व्हिडिओ बघून वरईची चाळणी मागवली होती, नाव नको. मुलगी म्हणे, ‘दोन वर्षं वापरतेय.’ पहिल्याच वापरात जाळी निघाली.

काठपदर

मावशी 😄

रीळवाला दादा, तुमचा खिडकीच्या उजेडाचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण एक गोष्ट बघा. एजन्सीने नमुना म्हणून दुसऱ्या कोणत्या तरी दुकानाचा व्हिडिओ पाठवला होता. मुलगी गोड, बोलणं गोड, पदर कॅमेऱ्याजवळ आणून म्हणते, ‘बघा, अस्सल येवल्याची पैठणी.’ किंमत दोन हजारांच्या आत. त्या किमतीत हातमागाची पैठणी निघतच नाही, रेशीम आणि विणकराची मजुरी यांचाच हिशेब बसत नाही. व्हिडिओभर तिने पदर एकदाही उलटा केला नाही.

पैठणी ओळखायची तर आधी पदर उलटा करतात. हाताने विणलेल्या पदरावर मोर किंवा मुनिया मागूनही तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीच्या कडेला शेजारच्या धाग्यात अडकवून मागे फिरवलेला असतो. मशीनच्या साडीत मागे धागे आडवे पळतात, नाहीतर कापलेली टोकं बोटाला लागतात. येवल्यात दहा मिनिटं मागावर बसलेल्या माणसाजवळ थांबलं तरी हे कळतं. त्या मुलीला कोणी सांगितलंच नसणार. तिचा दोष कमी. पण ‘मी घेतली, अस्सल आहे’ हे तिच्या तोंडून ऐकून कोणीतरी पैसे भरले असणार ना?

सेमी पैठणी विकण्यात काही लाज नाही, आम्हीही विकतो. सेमी म्हणून विकतो.

जुना माग

छोटी पुरवणी. हातमागावरही जॅकार्ड (नक्षीचे धागे उचलणारं यंत्र) लावून ब्रोकेडची पैठणी विणतात, तिच्या मागे धागे दिसू शकतात. म्हणून मागे धागा दिसला की लगेच ‘नकली’ म्हणू नये. विणकाम कुठलं ते विचारावं. रेशमासाठी सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, बघावा. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण तो कागद व्हिडिओत कोण दाखवतं?

बाकी चर्चेशी सहमत.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून. आमच्याकडे फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंवर आणि खोट्या ग्राहक-अनुभवांवर नियम काढला, ऑक्टोबरपासून लागू झाला. ज्याने वस्तू वापरलीच नाही त्याचा अनुभव विकायचा नाही, जो माणूस अस्तित्वातच नाही त्याचाही नाही. एआयने बनवलेलेही त्यात धरलेत. जाणूनबुजून केलं तर एका उल्लंघनाला पन्नास हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो.

तरी फोन उघडला की गाडीत बसून ‘मी तिसऱ्यांदा मागवलं’ म्हणणाऱ्या बायका रोज दिसतात. तेव्हा ‘बाहेरच्या देशात असं चालत नाही’ असं कोणी इथे लिहिणार असेल तर थांबा.

आडवाटेचा

आपल्याकडे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक २०२२ मध्ये आलं, आयएस १९०००. पण ते ऐच्छिक. पाळलं तर पाळलं.

रीळवाला

एआयचा विषय निघालाच आहे तर ऐका. आता एजन्सीला मुलगीही नको झालीय. साडीचा फोटो आणि संहिता दिली की एक बाई तयार होते, मराठीत बोलते, मान हलवते, पदर सावरते. ना मुलगी, ना साडी, ना खिडकी. ती साडी अंगावर कशी बसते हे त्या व्हिडिओत मुळी नाहीच, कारण अंगच नाही. हे मला मान्य नाही आणि मी करणार नाही.

आडवाटेचा

वा! म्हणजे साखरपुडा खोटा चालेल, बोटं खरी हवीत.

रीळवाला

हसा. पण फरक आहे. माझ्या व्हिडिओत कापड तरी खरं असतं, रंग खरा असतो. ती मुलगी ग्राहक नाही एवढंच तुमचं भांडण. एआयमध्ये भांडायलाही काही उरत नाही.

बरं, काठपदर ताईंना कामाचं सांगतो. ‘ही आमची मॉडेल आहे’ अशी पाटी खाली बारीक अक्षरात लावली तर कोणी वाचणार नाही, मोठ्या अक्षरात लावली तर एजन्सी रडेल. त्यापेक्षा तेच पहिलं वाक्य करा. मुलगी कॅमेऱ्यात बघून म्हणते, ‘या व्हिडिओचे मला पैसे मिळालेत, साडी परत जाणार आहे. पण जायच्या आधी पदर उलटा करून दाखवते.’ तीन सेकंदांत माणूस थांबतो की नाही बघा. साखरपुडा काढून टाका, तसाही तो सगळ्यांच्याच संहितेत असतो.

काठपदर

हे आवडलं. आजच एजन्सीला पाठवते. सेमीसाठीही असाच करता येईल, पदर उलटा करून ‘हे मशीनचं आहे, म्हणून या किमतीत आहे’ म्हणायचं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणतो, मग लोक घेतील कशाला. बघू.

बोरिवलीची मावशी

म्हणजे आता ‘पैसे घेतलेत’ असं सांगून विश्वास कमवायचा. ही पण युक्तीच झाली की हो. वर्षभराने सगळ्याच मुली हे वाक्य म्हणतील, मग काय बघायचं?

रीळवाला

मावशी, तुम्ही काहीच चालू देणार नाही का?

बोरिवलीची मावशी

चालू द्या की. मुलगी कोणाची का असेना. मागची बाजू दाखवा आणि साडी परत पाठवायचं कुरिअर कोणाच्या पैशाने ते मोठ्या अक्षरात लिहा.

काठपदर

आमच्या पैशाने. सात दिवसांच्या आत, फॉल-पिको केलेलं नसेल तर.

बोरिवलीची मावशी

मग हिरवी आहे का? नारळी काठाची.